शंभराव्या दिवसाचा खेळ

१४ मार्च २०२०, शनिवार

सिनेमांचा महोत्सव भरवणाऱ्या बास्कोरोचा फोन. महोत्सव रद्द. कोरोना. तीनदा सॉरी म्हणाला. मी अत्यंत शांतपणे "काही हरकत नाही" म्हणालो आणि फोन ठेवला. त्यानंतर चहाचा ग्लास भिंतीवर फुटला. ग्लास जुनाच होता.

२८ तारखेला माझ्या भावाला, गियार्तोला, जाऊन शंभर दिवस होतात; आमच्या जावात त्या दिवशी प्रार्थना आणि गल्लीजेवण असतं. त्याच संध्याकाळी महोत्सवात त्याचा 'भुताळी खिंडीचा सूड' लागणार होता. आधी बास्कोरो स्टेजवरून गियार्तोचं नाव घेणार, हॉल उभा राहणार. सगळ्या गल्लीला न्यायला मी दोन मिनीबस ठरवल्या होत्या. हे व्हायलाच हवं होतं. कारण दफनाच्या दिवशी लोक हसले.

माझा धाकटा भाऊ चाळीस सिनेमांत मेला. कट्यारीने, कोयत्याने, एकदा मगरीने. गल्लीतल्या लग्नांतही लोकांच्या आग्रहाखातर मरून दाखवायचा. म्हणून कबरीशी कोणीतरी म्हणालं, "थांबा, उठेल आता." आणि हशा पिकला. प्रत्यक्षात त्याला मारलं ते डासाने. डेंग्यू.

संकल्प: बास्कोरोचं नाक फोडणे.

१५ मार्च, सकाळ

सराव सुरू. गियार्तो अंगणातल्या केळीवर गुद्दे मारायचा, मीही तिथेच. पहिला उत्तम बसला. दुसऱ्याला मनगट मुरगळलं. केळ वाकडी वाढली आहे.

तुमिना, म्हणजे गियार्तोची बायको, चुलीपासून ओरडली, "भाऊजी, घड लागलाय तिला! मारायचंच असेल तर उशीला मारा."

उशीला कधीच मारून झालं आहे. तिला सांगितलं नाही.

१७ मार्च

बास्कोरोच्या घरी गेलो. पिशवीत गियार्तोचा कोयता. लाकडी आहे, पण चंदेरी रंगामुळे लांबून खरा वाटतो. वाटेत क्रम ठरवला होता: आधी शिव्या, मग नाक, वेळ उरल्यास बरगड्या.

दार त्याच्या आईने उघडलं. बास्कोरो पोस्टरांच्या गठ्ठ्यावर बसून रडत होता. "काका, दोन वर्षं घासली हो मी यासाठी." रडणाऱ्याचं नाक फोडण्यात अर्थ नसतो, ते आधीच वाहत असतं. आईने गोड चहा दिला. येताना पिशवीत कोयता, दोन किलो सलाकची फळं, चार मास्क आणि सिनेमाचा पेनड्राइव्ह. बास्कोरोला जीवदान दिलं.

त्याने विचारलं, "काका, तुम्ही पाहिलाय ना हा?" अर्थातच, म्हणालो. खरं तर चाळीसपैकी एकही पाहिलेला नाही. जमीन मोजणी खात्यात भावाला मरताना बघायला रजा मिळत नसे. पण त्याची कामगिरी मला ठाऊक आहे. नायकाच्या खालोखाल तोच. शिवाय मेल्यावर नायकाचं भाषण कितीही लांबो, हा श्वास रोखून पडायचा. असं मढं अख्ख्या जावात दुसरं नव्हतं, हे त्याने स्वतः मला सांगितलं होतं.

नवी योजना: २८ला गल्लीतच पडदा लावायचा. प्रोजेक्टर बास्कोरो देईल. महोत्सव मी भरवणार.

२० मार्च

गल्लीचे प्रमुख सुतार्नो यांची भेट. पडदा नाही, जमाव नाही. शंभराव्या दिवसाची प्रार्थनासुद्धा आपापल्या घरी, जेवणाचे डबे दारोदार पोचवायचे. मी म्हणालो, तुमची अडचण समजते.

संकल्प: सुतार्नोचं नाकसुद्धा.

२३ मार्च

गल्लीच्या तोंडाला बांबूंचा अडसर. कोणी आत-बाहेर करू नये म्हणून सुतार्नोने दोन पोरांना पांढऱ्या कापडात गुंडाळून, तोंडाला पावडर फासून उभं केलं आहे. कफनातली भुतं. दिवस मावळला की बाहेर पडणाऱ्यांच्या अंगावर उड्या मारत येतात. मी मुळीच घाबरलो नाही. माझी चप्पल तिथे राहिली, ती पट्टा तुटल्यामुळे.

२५ मार्च

टेंपे, म्हणजे सोयाबीनच्या वड्या, विकणाऱ्याच्या गाडीशी सुतार्नो भेटले. मी पुन्हा विषय काढला. एक-एक मीटरवर खुर्च्या मांडू, म्हणालो. मोजणी मीच करीन, तो माझा धंदा होता. सगळ्यांसमोर म्हणतात कसे, "अहो, तुमचा भाऊ मरण्यात वस्ताद होता, मान्य. पण जरा बाकीच्यांना जगू द्या की!" टेंपेवाला हसला. गिऱ्हाईकं हसली.

मी टेंपे घेतलं, सुटे पैसे मोजून दिले. संयम म्हणतात तो हाच. घरी आलो, खरा कोयता काढला आणि केळ तोडली. बुंध्यापासून, घडासकट. मग तिचे तुकडे केले. मग तुकड्यांचे.

तुमिना दारात उभी होती. म्हणाली, "झालं समाधान?"

हो म्हणालो. ती पानं गोळा करायला लागली. डब्यांत घालायला होतील म्हणाली.

२७ मार्च

उजव्या हाताने पेन धरवत नाही. अक्षर वाईट येतंय ते त्यामुळे.

परवानगी नसली तरी पडदा मी लावणारच होतो. दिवस मावळताना बास्कोरो अडसरापलीकडे प्रोजेक्टर घेऊन आला. मी अलीकडून हात पुढे केले. यंत्र हातात आलं आणि भूत मध्ये आलं. म्हणालं, "मागे व्हा." मी काखेतला लाकडी कोयता काढून त्याच्या तोंडावर घातला. कोयत्याचे दोन तुकडे झाले. भुताच्या नाकातून भळाभळा रक्त आलं, कफन लाल झालं, आणि भूत ओरडलं, "अरे मेल्या, मी सुतार्नो!" पोरं जेवायला गेली होती म्हणून स्वतः उभे होते.

एक नाक ठरल्याप्रमाणे फुटलं, याची नोंद व्हावी.

पुढचं ठरल्याप्रमाणे झालं नाही. त्यांनी माझ्या जबड्यावर ठोसा मारला, मी त्यांच्या पोटात डोकं घातलं. दोघं अडसरावर आदळलो, बांबू कोसळले. त्यांनी मला केसांना धरून उचललं आणि दुसरा ठोसा ठेवून दिला. मी गटारात. प्रोजेक्टर माझ्याखाली. एक दात कुठे गेला कळलं नाही.

शुद्ध होती, पण हलवत नव्हतं. घराघरांच्या दारांत लोक उभे. कोणीतरी टाळ्या वाजवल्या. "काय पडला! हुबेहूब गियार्तो!" बास्कोरो ओरडत होता, "अरे, उचला त्यांना!" कोणी पुढे येईना. दारातून एक बाई म्हणाली, "थांबा, उठतील आता."

बराच वेळ आभाळ बघत पडलो होतो.

शेवटी कफनातले सुतार्नोच गटारात उतरले. काखेत हात घालून म्हणाले, "उठा हो. अहो, उठा ना. भीती वाटतेय मला."

२८ मार्च

शंभरावा दिवस. पाहुणे नाहीत. आपेम, म्हणजे तांदळाची मऊ धिरडी, आणि कोंबडी केळीच्या पानात बांधून तुमिनाने दारोदार दिली. महोत्सव आमच्या घरच्या टीव्हीवर. प्रेक्षक: तुमिना आणि मी. माझा एक डोळा बंद आहे, म्हणजे दीडच.

सातव्या मिनिटाला गियार्तो मेला. पाठमोरा. मी म्हणालो, पुढे आठवणींच्या दृश्यात येईल. आला, पण दाढी लावून, आणि छतावरून पडून मेला. मग मिशी लावून. मग तोंडाला फडकं बांधून. तुमिना प्रत्येक वेळी त्याला पायांवरून ओळखत होती. नऊदा मेला. चेहरा नीट एकदाही दिसला नाही. एका सिनेमात नऊ भूमिका, असं मी तिला म्हणालो. तिने मान हलवली.

खिडकीबाहेर सुतार्नो उभे होते. मास्कखाली नाकाला पट्टी. आमचा डबा हातात. कधी आले कळलं नाही. मी हाकललं नाही, उठवत नव्हतं.

नवव्या मरणानंतर नायकाचं भाषण. पायाशी गियार्तो पालथा पडलेला, शर्ट रक्ताने माखलेला. नायक न्यायाबद्दल बोलतोय, बोलतोय. आणि सुतार्नो खिडकीतून मोठ्याने हसले.

"अहो, श्वास घेतोय की हा!"

पाहिलं. शर्टाची पाठ वर-खाली होत होती. चांगली धपापत होती, धावून आल्यासारखी. तीस वर्षं मला थाप मारली होती त्याने.

तुमिनाने विचारलं, "भाऊजी, रडताय?" दात दुखतोय, म्हणालो.

रिमोट तिच्याकडे होता. तिने मागे घेतलं. पुन्हा पाठ वर-खाली. पुन्हा मागे घेतलं.

सिनेमाचा शेवट काय आहे, माहीत नाही. तिथून पुढे आम्ही गेलोच नाही. तुमिना थांबली की सुतार्नो खिडकीतून म्हणायचे, "वहिनी, अजून एकदा."