नको म्हटलेलं ताट

मुंबई, ३ फेब्रुवारी २००३

ती. आजीस सा. न. वि. वि.

महेशचे आई-वडील रविवारी सायखेड्याला तुला भेटायला येताहेत. मला सुट्टी नाही. त्याच्या वडिलांना गंगापूर रोडवर वाईन मिळणारं हॉटेल काढायचंय. ते मला म्हणालेत, आजीकडच्या जेवणाचा बेत तू ठरव, त्यात तुझी पारख दिसू दे, मग हॉटेलही तुझं नि लग्नालाही हो. त्यांच्याबरोबरच फ्रेंच वाईनची बाटली पाठवतेय. तीन जातींची द्राक्षं मिसळून केलेली, लाल, अंगानं भारी. जेवणाच्या तासभर आधी उघड. सोबत मंद शिजवलेलं मटण, मिरची नावाला. ठेचा नको, घसा जळतो. मासे नकोत, लोखंड चाटल्यासारखं लागतं. गोड तर नकोच, तिची चव आंबट होते. आजी, थट्टा समजू नकोस.

तुझी, भाग्यश्री

सायखेडा, ११ फेब्रुवारी

चि. भाग्यश्रीस आजीचे पोटभर आशीर्वाद.

मी चौथी शिकलेली, पण तुझं पत्र अक्षर लावून लावून वाचलं. पाहुणे लय मोठे. बाई चपला काढायला कोरडी जागा शोधत होती, तेवढ्यात म्हशीनं शेण टाकलं, ते राहू दे. बूच निघंना, मी विळ्यानं उचकटलं. गोदावरीचे ताजे मासे लालभडक केले. शेजारी ठेचा. वर श्रीखंड. महेशच्या बापानं घोट घेतला नि काढा पाजलेल्या पोरासारखं तोंड केलं. म्हणाले, आजी, यासोबत हेच खातात का. मी म्हटलं, आम्ही खेडवळ, आम्हाला काय कळतंय. बाई पदराआड नाक पुसत होती. हसू दाबून माझीच बरगडी दुखली.

मटण का नाय केलं, विचारशील. नवरा तू मला न विचारता ठरवलास, मग जेवण मी तुला विचारून का करू.

देवळ्याचा वाल्मीक अजून मोकळाच हाय, कांद्याची आडत हाय त्याची. केसांना तेल लावत जा.

तुझ्यावर जीव टाकणारी, साळूआजी

मुंबई, १७ फेब्रुवारी

ती. आजीस नमस्कार.

महेशचे वडील नाही म्हणाले. मी त्यांची मुद्दाम फजिती केली असं महेशला वाटतंय. खरं सांगितलं तर म्हणतो, म्हातारीवर ढकलू नकोस. रविवारी तो तुलाच विचारायला येतोय. मी मटण लिहिलं होतं, एवढंच सांग. मग तू म्हणशील तशी राहीन.

भाग्यश्री

सायखेडा, २४ फेब्रुवारी

चि. भाग्यश्रीस आशीर्वाद.

महेश आला होता. पोरगं गुणी हाय, मी उगाच नावं ठेवली. वाकून पाया पडला. चुलीपाशी बसून भाकरी खायला लागला. तू शेळीला घाबरून कणगीत लपायचीस ते सांगितलं, तर लय हसला. मग हळूच म्हणाला, आजी, ते मासे नि ठेचा भाग्यश्रीनंच सांगितलं होतं का.

मी हो म्हटलं. म्हटलं, पोरीचा शब्द मी मोडत नाय.

तो अर्धी भाकरी ताटात टाकून उठला. त्याची गाडी वळणापलीकडं जाईस्तोवर मी ओट्यावरून हात हलवत होते.

माया पातळ होऊ देऊ नको, पत्र धाडत जा.

तुझीच, साळूआजी