टेबलावर घेतलेले नाव

थेरगाव,
१२ फेब्रुवारी १९५७

तीर्थरूप सुमनताई वन्संच्या पायांशी यशोदेचा नमस्कार. (मान अजून वाकत नाही, म्हणून तूर्त तो कागदावरच घ्यावा.) तुमचे गुडघे कसे आहेत? निघोज्याची थंडी ओसरली का? माझी काळजी मात्र आता सोडावी. गळ्यातली गाठ तपासायला पाठवली होती, तिचा निकाल काल आला. साधा गलगंड, वाईट काही नाही. ग्रंथी अर्धीच काढली, अर्धी कामापुरती ठेवली आहे. हे ऐकून तुमचे भाऊ दवाखान्याच्या पायरीवर मटकन बसले. मग माझ्यासाठी चहा आणायला गेले आणि दोन्ही कप स्वतःच पिऊन परत आले.

शस्त्रक्रियेआधी शेजारच्या मंजुळाबाईंचा उपाय करून झाला होता. "चाकू कशाला लावून घेता वो बाई? इटंचा शेक द्या, मंग बगा!" मी दिला. (पदवीधर असून का दिला, याचा रोजनिशीत पानभर शोध घेतला. उत्तर एकच आले : भीती.) आणि भीतीसुद्धा गाठीची कमी, आवाजाची जास्त. आवाजाची नस त्या ग्रंथीला लागूनच जाते; तिला धक्का बसला तर आवाज कायमचा जाऊ शकतो, असे पुण्याच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले होते. मुलींना शिकवणाऱ्या बाईचा आवाज गेला तर वर्गात उरणार काय? खडू.

म्हणून त्यांनी मला गुंगी दिलीच नाही. सुया टोचून मान तेवढी बधिर केली आणि म्हणाले, "मी काम करतो, तुम्ही बोलत राहा. आवाज बदलला की मी थांबेन." वन्सं, जन्मात पहिल्यांदा कुणी मला न थांबता बोला म्हणाले आणि मला विषय सुचेना! महाराष्ट्रातल्या नद्या झाल्या, पाढे झाले. (एकोणतीसच्या पाढ्यात चुकले. कुणाच्या लक्षात आले नाही, पण मला अजून टोचते आहे.) मग उशाशी बसलेली नर्स ताजुन्निसा प्रश्न विचारू लागली. गाव कोणते, शाळा कोणती, सकाळी काय खाल्ले. (काहीच खाऊ दिले नव्हते, तीही तक्रार नोंदवली.) "और मालकांचं नाव काय, बाई?"

मी गप्प.

नवऱ्याचे नाव न घेण्याची रूढी मला मान्य नाही. कॉलेजात तिच्याविरुद्ध बोलून मी बक्षीस मिळवले आहे. पण लग्न झाल्यापासून उखाण्याशिवाय नाव तोंडातून गेलेले नाही, हेही खरे. आता तोंडाला फडकी बांधलेल्या परपुरुषांसमोर, चिरलेल्या गळ्याने, कोणता उखाणा घ्यावा? मी मनातल्या मनात यमक जुळवू लागले. जुळेना. तेवढ्यात डॉक्टरांचे हात थांबले.

"बाई? बोला, बाई!"

"आवाज येत नाही, सर," धाकटे डॉक्टर पुटपुटले. मोठ्या डॉक्टरांच्या कपाळावर घाम आलेला मला दिसला. डॉक्टरांना वाटते आहे माझा आवाज गेला, हे माझ्या ध्यानात आले, आणि पुढच्याच क्षणी मलाही तेच वाटले. मी लाजते आहे असे मी समजत होते. पण खरोखरच गेला असेल तर? मग होता नव्हता तेवढा जोर लावून ओरडले, "ज्योतीराम!"

बाहेरच्या बाकावरून तत्काळ उत्तर आले, "ओ! आलो, आलो!"

"आवाज शाबूत आहे," डॉक्टर म्हणाले. "त्यांना दारातच अडवा."

हसायची मनाई होती म्हणून मी रडले.

मोठ्यांना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुमची,
यशोदा

ता. क. – पत्राचे खरे कारण वर राहून गेले. रोज सकाळी एक शब्द मोठ्याने म्हणायचा, असे डॉक्टरांनी बजावले आहे. शब्द तोच हवा, तो तपासून झालेला आहे, असा तुमच्या भावांचा हट्ट! त्यासाठी कारखान्यात सांगून पहिली शिफ्ट बदलून दुसरी घेतली. सकाळभर समोर बसून विचारतात, "आत काय म्हणालीस गं? मला नीट ऐकू आलं नाही." (धडधडीत खोटे.) मंजुळाबाईही भिंतीपलीकडून म्हणतात, "घ्या की वो नाव, आमी न्हाई ऐकत." तुम्ही थोरल्या आहात. "मुकाट्याने पहिल्या शिफ्टला जा," एवढी एक ओळ त्यांना लिहावी. तुमचे ते ऐकतील.

पुन्हा ता. क. – पत्र टाकायचे राहिले होते, ते बरे झाले. आज सकाळी म्हटले. पूर्ण आवाजात. पलीकडे मंजुळाबाईंचे भांडे पडले. तुमचे भाऊ 'ओ' म्हणालेच नाहीत, खिडकीकडे तोंड करून बराच वेळ उभे राहिले आणि मग म्हणाले, "आवाज चांगला आहे."

तरी वर मागितलेली ओळ लिहू नये. दुसरी शिफ्ट माझ्या गळ्याला मानवते आहे. डॉक्टरांना विचारलेले नाही, पण त्यांचेही मत हेच असणार.