एक तांब्या पाणी

जळगाव जामोद,
रविवार, २० एप्रिल २०२५
(चैत्र वद्य सप्तमी. तुझ्या मोबाइलात तिथी उघडायला तुला वेळ होणार नाही, म्हणून दिली.)

चि. अर्पिता हिला बाबांचे आणि आईचे आशीर्वाद. ऋत्विकरावांना आशीर्वाद द्यावेत की नमस्कार करावा, हा प्रश्न तुमच्या लग्नाला चार वर्षं झाली तरी मला सुटलेला नाही. सबब दोन्ही.

इकडे क्षेम. ऊन त्रेचाळीसवर गेलंय. नववीचे संस्कृतचे पेपर तपासतोय. एका विद्वानानं अख्खी उत्तरपत्रिका कोरी ठेवली आणि शेवटी वळणदार अक्षरात 'इति शम्' लिहिलं. एवढी मनःशांती मला त्रेपन्नाव्या वर्षी नाही. दोन गुण दिले. तुझ्या आईनं गच्चीवर कुरडया घातल्यात आणि कावळे हाकलायला माझी नेमणूक केलीय. अठ्ठावीस वर्षं शाळेत तेच केलं म्हणून अनुभवी माणूस म्हणून निवड झाली.

फोन असताना एवढं लांब पत्र कशाला, असं तू म्हणशील. कारण तुला ठाऊक आहे: फोनवर मला अवघड काही बोलायचं असलं की मी विनोद करतो, आणि तू हसण्याआधीच आईला फोन देतो. पत्रातही तेच करतोय, दिसतंयच वर. पण कागदावर निदान परत खोडून लिहिता येतं. हे चौथं लिहिणं आहे.

गेल्या आठवड्यात तू आईला म्हणालीस, "मे महिन्यात मी येणार नाही. आजीच्या पलंगासमोर मला उभं राहता येणार नाही. मीच तिला त्या वाळवंटात उन्हातान्हात हिंडवलं." आई स्वयंपाकघरात रडली, मी गच्चीवर कावळ्यांकडे गेलो. त्याआधी, आजी गेल्यापासून, तीनदा तू मला लिहिलंस, "बाबा, आजीचे दवाखान्याचे सगळे कागद पाठवा." मी अकोल्याचा शेवटचा कागद तेवढा पाठवला आणि बाकीचे सापडत नाहीत म्हणून कळवलं.

ते सापडत नव्हते असं नाही. ते माझ्या गादीखाली होते. सहा आठवडे मी त्यांच्यावर झोपत होतो. म्हणजे आडवा होत होतो.

सांगतो. पण फेब्रुवारीतल्या आपल्या जैसलमेरच्या प्रवासापासून सांगू दे. तू त्यात होतीसच, मात्र तू मागच्या सीटवर आजीशेजारी होतीस. मी पुढे, ऋत्विकरावांच्या बाजूला. पुढून जे दिसत होतं, ते तुला दिसलेलं नाही.

जोधपूरहून सकाळी निघताना आजी पितळेचा तांब्या मांडीवर घेऊन गाडीत बसली. तू हसलीस.

"आजी, हा कायले घेतला? डिक्कीत पाण्याच्या दोन पेट्या आहेत."

"राहू दे वं. सवय हाय मले."

"बाटल्या असताना तांब्या? लोक म्हणतील, वाळवंटात आंघोळीले चालली म्हातारी. बाबा, हा डिक्कीत टाका."

तुझी वऱ्हाडी जोधपूरला जाऊनही शाबूत आहे, हे ऐकून मला बरं वाटलं. मी उतरलो, तांब्या टॉवेलात गुंडाळला आणि डिक्कीत ठेवला. आज्ञाधारक बाप.

मग रस्ता. दोन्ही बाजूंना खेजडीची झाडं, मग तीही विरळ होत गेली. पवनचक्क्या लागल्या तेव्हा आजी म्हणाली, "एवढे पंखे लावून ठेवले, तरी हवा गरमच येऊन राह्यली. बिल कोण भरते याचं?" ऋत्विकराव इतके हसले की गाडी कडेला घ्यावी लागली. आणि वाळूच्या टेकड्यांपाशी तो उंट! आजीनं त्याला खालून वरपर्यंत पाहिलं आणि म्हणाली, "हा तं आमच्या शालिकसारखा चालते. मान वरती, अन् पाय कुठी पडते त्याची खबरच नाही." शालिग्राम हे माझं नाव तिनं आयुष्यात एकदाही पुरतं उच्चारलं नाही. तू तो विनोद तुमच्या ऑफिसातही सांगितलास म्हणे. सांगितलास ते चांगलंच केलंस.

या सगळ्यात तू तिला पाणी देत होतीस. दर अर्ध्या तासानं. "आजी, घे. इथं वाळवंटात तहान लागलेली कळत नाही, माणूस आतून सुकते." तू झाकण काढायचीस, बाटली तिच्या हातात द्यायचीस, ती दोन घोट घेऊन थांबली की खालून हलकेच वर करायचीस. ती प्यायची. पोकरणच्या अलीकडे आपण एका झोपडीपाशी थांबलो, तिथल्या म्हातारीनं घोंगडीवर बसवलं आणि लोटीभर पाणी आणलं. आजीनं एक घोट घेतला आणि लहान पोरासारखी आनंदली. "अव्वो! हे तं आपल्या विहिरीचं पाणी! खारंच!" म्हातारीला मराठी येत नव्हतं, आजीला मारवाडी, पण दोघी हात धरून बसल्या. आजीनं लोटी रिकामी केली. तू फोटो काढलास. तो फोटो पुन्हा बघ. डाव्या कोपऱ्यात एक मनुष्य गाडीच्या चाकाकडे पाहतोय. टायर चांगले होते.

आता तुला एका जुन्या गोष्टीची आठवण करून द्यायची आहे. तू सहा वर्षांची होईपर्यंत आपण खारपाण पट्ट्यात, गावी राहायचो. विहिरीचं पाणी असं की चहात दूध घातलं तर फाटायचं. आजी सोनाळ्याकडून, डोंगराच्या पायथ्याहून, एस.टी.नं दोन डबे गोडं पाणी आणायची. ते वेगळ्या माठात, तोंडाला फडकं बांधून. ते फक्त पाहुण्यांना आणि तुला. आम्ही घरचे खारंच प्यायचो. एकदा एक पाहुणी 'नको' म्हणाली, तर आजीनं तुला पेला घेऊन तिच्यामागे फाटकापर्यंत पळवलं होतं. आपल्याकडे कुणी गोडं पाणी पुढे केलं तर नाही म्हणत नाहीत, कारण देणाऱ्यानं स्वतः खारं पिऊन ते राखलेलं असतं. हे तुला तिनंच शिकवलं. तू द्यायला शिकलीस. तिला नाही म्हणता येत नव्हतं.

अर्पिता, १४ जानेवारीला, संक्रांतीच्या दिवशी, मी आजीला अकोल्याला मूत्रपिंडाच्या डॉक्टरांकडे नेलं होतं. तुम्हाला सांगितलं की डोळे तपासायला. डॉक्टरांनी रिपोर्ट बघितला, गावाचं नाव विचारलं, मान हलवली; खारपाणातले असे रोगी त्यांच्याकडे रोजचेच होते. दोन्ही मूत्रपिंडं गेली होती. आठवड्यातून दोनदा डायलिसिस, तेही अकोल्याला. आजी म्हणाली, "मी यंत्राले बांधून घेत नाही, डॉक्टरसाहेब. दुसरं काय ते सांगा." डॉक्टर म्हणाले, मग गोळ्या, आणि पाणी मोजून. दिवसाला एक लिटर, चहा-वरणासकट. जास्त झालं तर ते बाहेर पडणार नाही, पायात उतरेल, मग छातीत. असं सांभाळलं तर तीन महिने, कदाचित चार.

घरी येऊन तिनं दुधाच्या मापानं सगळे तांब्ये मोजले. एक बरोब्बर लिटरचा निघाला. रोज सकाळी तो भरायची आणि संध्याकाळपर्यंत त्यातलंच प्यायची. तुझ्या आईला वाटलं, म्हातारीनं काही नेम धरलाय.

तोच तांब्या.

अकोल्याहून येताना बसमध्ये तिनं माझा हात स्वतःच्या डोक्यावर ठेवून घेतला. "शालिक, पोरीले सांगजो नोको. मले तिचं घर पाहाचं हाय. पाव्हणी म्हणून जातो मी. बिमार म्हणून गेली तं ते मले खाटेवरून उतरू देणार नाही. तुले माही आण हाय." मी आण घेतली. परवापर्यंत पाळली. तुझ्या आईलाही परवाच सांगितलं. तेव्हापासून ती माझ्याशी फक्त कुरडयांबद्दल बोलते.

म्हणजे गाडीत दोन माणसांना ठाऊक होतं. एकीला नाही म्हणता येत नव्हतं, कारण नातीच्या हातचं पाणी होतं. दुसरा पुढच्या सीटवर बसला होता आणि त्याच्या बाजूला ऋत्विकरावांनी लहान आरसा लावलेला होता. त्यात मागची अर्धी सीट दिसायची. आजी दिसायची. तू बाटली दिलीस की ती आधी आरशात बघायची, मग प्यायची. मी प्रत्येक वेळी ते पाहिलं. मला वाटलं, ती मला बजावते आहे की गप्प राहा, आण आहे. जैसलमेरपर्यंत मी अर्ध्या लिटरच्या सात बाटल्या मोजल्या. संध्याकाळी तिच्या चपलांचे पट्टे पायात रुतले होते. तू म्हणालीस, "बसून बसून सुजले." मी म्हणालो, "हो, बसून."

परतीच्या गाडीत, भुसावळ मागे पडल्यावर, तिला धाप लागायला लागली. मी तिच्यावर चिडलो. आयुष्यात पहिल्यांदा. "माय, नाही म्हणायचं होतंस ना एकदा तरी! पोरगी काय रागावली असती?"

तिनं पदरानं तोंड पुसलं. मग म्हणाली, "मले नाही म्हणता येत नव्हतं, बाप्पा. तुले आरशात दिसत होतं ना?"

एवढंच. शेगाव येईपर्यंत मला कळलं, आरशातून ती मला बोल म्हणत होती. तिथून मी तिला थेट अकोल्याला नेलं. नवव्या दिवशी ती गेली. तू पोचलीस तेव्हा आम्ही सगळे म्हणत होतो, वय झालं होतं, प्रवासाचा शीण झाला. तू कोपऱ्यात बसून म्हणालीस, "मी नेलं." आणि मी, तुझा बाप, माझ्या तोंडाशी आलेलं गिळून तुला म्हणालो, "असं म्हणू नये."

दहाव्याला डॉक्टरांकडे एकटाच गेलो. विचारलं, प्रवास नसता झाला तर? त्यांनी चष्मा काढला. म्हणाले, "सर, काही आठवडे. कदाचित दोन महिने. ठामपणे कोण सांगणार?" मला ठाम उत्तर हवं होतं, तुला पाठवता येईल असं. मिळालं नाही. खोटं लिहिणार होतो की काही फरक पडला नसता. तीन पत्रं तीच होती. फाडली.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं आहे: ऊन नव्हे, वाळवंट नव्हे. पाणी. आता तू लगेच म्हणशील, मग माझ्याच हातानं. नाही. ऐक, पोरी, इथं मी तुझा मास्तर नाही, पण नीट ऐक. तुझ्या हातात बाटली होती आणि तुला काही ठाऊक नव्हतं. माझे हात रिकामे होते आणि मला सगळं ठाऊक होतं. 'अर्पिता, पुरे, तिला डॉक्टरांनी मोजून सांगितलंय,' एवढंच मला बोलायचं होतं. आणेचं काय, ती मोडली असती. आईच्या आणेला मी घाबरलो असं तुला सांगतोय, पण खरं म्हणजे तुझ्या चेहऱ्याला घाबरलो. तू त्या दिवशी फार आनंदात होतीस. आठ महिन्यांनी भेटलेल्या तुला इतकं हसताना बघत होतो. म्हटलं, उद्या सांगू. उद्या परतीचा रस्ता होता, आणि तू पुन्हा बाटलीचं झाकण काढत होतीस.

सगळे कागद सोबत आहेत. १४ जानेवारीचा सर्वांत वर ठेवलाय. डॉक्टरांच्या अक्षरात 'पाणी १ लिटर' खाली दोन रेघा आहेत. त्या मी त्यांच्यासमोर बसून पाहिल्या होत्या.

आजीच्या त्या दोन दिवसांबद्दल मला एकच खात्रीनं सांगता येईल, आणि ते सांत्वन म्हणून नाही. दवाखान्यात, ऑक्सिजनची नळी लावलेली असताना, तिनं शेजारच्या खाटेवरच्या बाईला हातवारे करून पवनचक्क्या दाखवल्या होत्या. पंख्यांच्या बिलाचा विनोदही सांगितला. धाप लागत होती तरी पूर्ण सांगितला.

मे महिन्यात ये किंवा येऊ नकोस, मी आग्रह करणार नाही. आलीस तर पलंगासमोर तुला उभं राहायची गरज नाही. तिथं माझी जागा आहे. काय बोलायचं ते मला समोर बोल. फोनवर बोललीस तर मी पुन्हा काहीतरी विनोद करीन आणि आईला फोन देईन.

तांब्या मी घासून फळीवर ठेवला आहे. त्यात पाणी भरत नाही. ऋत्विकरावांना सांग, गाडीतला तो लहान आरसा काढू नका. पुढे बसणाऱ्याला मागचं दिसलं पाहिजे. दिसल्यावर काय करायचं, ते ज्याचं त्यानं.

आशीर्वाद लिहायला हात धजत नाही, म्हणून वर सुरुवातीलाच लिहून टाकले होते.

तुझा,
पुढच्या सीटवरचा,
बाबा