शेवटच्या शिक्क्याचं पाकीट

तीर्थस्वरूप भाऊजी यांस,

साष्टांग नमस्कार, पैकी गुडघे डॉक्टरांनी वर्ज्य ठरवल्यामुळे उरलेल्या सात अंगांचा गोड मानून घ्यावा. ताईची पाठ आणि तुमची साखर ताळ्यावर असतील अशी आशा आहे. आपल्या दोन घरांत बसचे जेमतेम तीन थांबे असताना हा टपालाने का लिहितो, असं तुमच्या मनात येईल. दोन वर्षांत आपण एकमेकांच्या दारात पाऊल टाकलेलं नाही, आणि आता एकदम बेल वाजवली तर दार ताई उघडेल आणि मला बोलूच देणार नाही. म्हणून हे पत्र.

माझा नाद तुम्हाला माहीत आहे (तुम्ही त्याला काय म्हणता तेही मला माहीत आहे). जगाच्या टोकाला असलेल्या बेटांवरच्या पोस्टमास्तरांना मी माझाच पत्ता घातलेलं पाकीट पाठवतो, तिथलं तिकीट लावून, शिक्का मारून ते परत धाडा अशी विनंती करतो, आणि सात-आठ महिने खिडकीशी बसतो. आत काही नसतं. आमच्या हिचं म्हणणं, स्वतःलाच रिकामं पाकीट पाठवून त्याची वाट पाहणारा पुरुष कुठल्या शास्त्रात वर्णिला असेल तर दाखवा. शोधतो आहे.

त्यांतलं एक बेट मला सोळा वर्षं हुलकावणी देत आलं आहे. वस्ती एक्केचाळीस माणसांची, जहाज वर्षातून तीनदा. पोस्टमास्तर अतिशय सभ्य, आणि सगळं बिघडलं ते त्या सभ्यतेपायीच. पहिल्या खेपेस पाकीट जसंच्या तसं मोठ्या सरकारी लिफाफ्यात घालून परत आलं. सोबत चिठ्ठी, की इतक्या देखण्या अक्षरावर शिक्का मारायला हात धजेना. दुसऱ्या खेपेस मी मुद्दाम गचाळ लिहिलं. त्यांनी शिक्का मारला, पण माझ्या हाताला काहीतरी झालं असावं या काळजीने मेंढीच्या चरबीचं मलम पाठवलं, आणि पाकीट त्या मलमाच्याच बाटलीभोवती गुंडाळलं. शिक्का मलमात विरघळला. (मलम गुणकारी आहे. गुडघ्यांना लावतो.)

आता ते निवृत्त होताहेत आणि त्यांच्याबरोबर ते पोस्टही बंद होतंय. शेवटच्या दिवसाचा शिक्का जरूर मारतो, अगदी अक्षरावरसुद्धा मारतो, असं त्यांनी कळवलं. पण एक अट घातली. एकतीस वर्षं तुम्हा छंदी लोकांची रिकामी पाकिटं बोटीवर चढवली, शेवटच्या दिवशी माझ्या पोस्टातून फक्त पत्रं जातील. मी तीन दिवस कागद पुढ्यात घेऊन बसलो. स्वतःला लिहिण्यासारखं काही सापडेना. जे होतं ते मला आधीच ठाऊक. चौथ्या दिवशी पाकिटावर तुमचा पत्ता घातला, चार पानं भरली आणि धाडून दिलं. त्याला सहा महिने झाले.

म्हणजे जे पाकीट पुन्हा कधीच मिळायचं नाही, ते येत्या महिन्यात नेमक्या त्या गृहस्थांच्या हाती पडणार, ज्यांनी दोन वर्षांपूर्वी माझ्या टेबलावरच्या अशाच एका पाकिटावर नळ दुरुस्त करणाऱ्याचा फोन नंबर, बॉलपेनने, दाबून, टिपला होता. तेव्हा मी जे बोललो ते संस्कृतात बोललो. तुम्हाला कळू नये एवढाच सद्हेतू. ताई माझ्याच गुरुजींकडे शिकली आहे हे त्या क्षणी लक्षात राहिलं नाही. तिने अनुवाद केला, आणि एकही विशेषण न गाळता केला.

तिला सांगा, अनुवाद चांगला होता.

तुमचा (अद्याप तरी) मेहुणा

ता. क. पाकीट आलं की कृपया फोडू नका. दोन पुठ्ठ्यांमध्ये ठेवून माझ्याकडे पाठवा.

ता. क. दुसरा. टपाल तुम्ही बोटाने फाडता, हे तुमच्या लग्नापासून पाहत आलो आहे. त्या दिवशी जवळपास पेनही नसावं.

ता. क. तिसरा. वरचं पुन्हा वाचून पाहिलं. फोडल्याशिवाय आतलं तुम्हाला कळायचं नाही, आणि तोंडाने ते माझ्याच्याने बोलवणार नाही. तेव्हा फोडा. उजव्या कडेने, कात्रीने. मराठीत आहे; ताईला उठवू नका.

ता. क. शेवटचा. तुम्ही नंबर टिपलेलं पाकीट मी टाकलेलं नाही. परवा आमचाही नळ गळू लागला, तेव्हा त्यालाच बोलावलं. माणूस कामाला चोख आहे.