कटिंग मशीनचा अवेळी दसरा

१९ जानेवारी, सोमवार

आज पातं दोनदा पडलं. द्राक्षपेट्यांच्या लेबलांचा गठ्ठा कापून वर गेलं, तिथं थांबायला हवं, तर कुणी काही न दाबता परत खाली. मशीन चालवणाऱ्या रशीदभाईंचा हात नुकता गठ्ठ्याकडे निघाला होता. मी समोरच बिलं लावत बसलेली.

ते हसले. "वहिनी, म्हातारी झाली मशीन. ढेकर दिली तिनं."

मला हसू आलं नाही. रात्री जेवण गेलं नाही. सुधीरला सांगितलं तर म्हणे, द्राक्षांचा सीझन जाऊ दे, मग बघू. नवरा म्हणून ठीक आहे, पण प्रेसचा मालक म्हणून कधी कधी डोकं फोडावंसं वाटतं. त्याचं.

२० जाने.

पवार फिटर आले. झाकण काढून आत बॅटरी मारली. ब्रेकचं लायनिंग पार गुळगुळीत, त्यावर तेल गळलेलं. "ताई, पात्याला धरून ठेवणारं काही उरलंच नाही. चालवू नका."

दिवाळीनंतर ब्रेक उघडून बघायचा हा सासऱ्यांचा नियम. यंदा ऑर्डरी आल्या, उघडलाच नाही कुणी. तेल घालत राहिलो वरवर. आता पार्ट पुण्याहून. कधी? "येईल की." म्हणजे देव जाणे.

मी म्हटलं, तोवर मशीन बंद. सुधीरनं ऑर्डरवही उघडली. र.भाई पुढचे गठ्ठे रचायला लागले. तिथंच ओळखायला हवं होतं.

२१ जाने.

बँकेतून परत येतेय, तर गेटपासूनच आवाज. कापाकापी चालू!

सायखेड्याच्या बागाईतदाराचा फोन आला होता म्हणे. "माल तोडून पेट्यात भरलाय, लेबल नाय तर गाडी भरू कशी? लय खोळंबा हे." म्हणून सुधीरनंच चालवायला सांगितलं.

मेन स्विच पाडला. सगळ्यांसमोर भांडले. आणि तेवढ्यात दिसलं. डाव्या बटणात लेबलाची घडी खुपसलेली. अहो, पातं पाडायला दोन बटणं असतात कशाला? दोन्ही हात तिथं गुंतून राहावेत म्हणून. एक कायमचं दाबून ठेवलं की डावा हात मोकळा. थेट पात्याखाली.

"काम लवकर उरकतं वहिनी. इतकी वर्षं झाली, कुछ नहीं हुआ."

"बोटं मोजून बघा रोज," मी म्हटलं. फार लागलं त्यांना. मी लग्न होऊन आले तेव्हा कागद कसा झटकायचा ते यांनीच शिकवलं मला. "माझ्यावर भरवसा नाय का?" एवढंच बोलले. माझी जीभ म्हणजे...

पण उद्या मी कुठं गेले की परत चालू करतील. दोघंही.

२२ जाने.

सकाळी सगळ्यांच्या आधी गेले. झेंडूचा हार, हळदकुंकू, नारळ. मशीनची पूजा मांडली.

दसऱ्याला पूजा झाली की त्या दिवशी यंत्राला हात लावायचा नाही, हे आमच्याकडे सगळ्यात कडक कोण पाळत असेल तर र.भाई. आदल्या दिवशी स्वतः पुसून लख्ख करतात, पेढा खातात, मशीनला बोट लावत नाहीत.

सुधीर दारातच थबकला. "माघात दसरा? वेड लागलंय का तुला?"

"काढ ना हार. काढ."

नाही काढला.

र.भाईंनी चपला बाहेर काढल्या. आत येऊन हाराकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, बाहेर पायरीवर जाऊन बसले. दिवसभर तिथंच. देवाला मध्ये ओढलं हे बरं केलं की वाईट, कळत नाही. घाबरले होते, एवढं खरं.

२४ जाने., शनि.

रोज ताजा हार, रोज पूजा. फुलवाल्या मावशी विचारतात, "नवस बोललीस का गं?"

लेबलं टेम्पोत घालून अंबडच्या एका प्रेसला कापायला पाठवली. निम्मीच झाली. सायखेड्याचे नाही नाही ते बोलले, ऐकून घेतलं. सुधीर बोलत नाही. मीठसुद्धा खुणेनं मागतो. माग म्हणावं.

र.भाई येऊन समोर बसले. "घरी बसून ह्यांचं करू काय?" म्हणून दोन्ही हात पुढे केले. कागदानं चिरलेले, पण धडधाकट. मी बघतच राहिले. असेच राहू देत बाबा.

२७ जाने.

पार्ट आला! पवारांनी बसवला. रद्दी कापून पाहिली. पातं खाली, वर, थांबलं. परत, थांबलं. डाव्या बटणातली घडी मी चिमट्यानं ओढून काढली. हार र.भाईंनी उतरवून टेबलावर ठेवला, बिस्मिल्ला म्हणून दोन्ही हातांनी बटणं दाबली. सुधीर इतक्या दिवसांनी बोलला, "झालं समाधान?" झालं. मोरीत जाऊन रडून घेतलं.

जेवून परत आले. गठ्ठे झपाझप निघत होते. जरा जास्तच झपाझप. वाकून पाहिलं. डाव्या बटणात नवी घडी.

र.भाईंनी डावा हात पाठीमागं लपवला. "सवय हे वहिनी. आता ब्रेक नवा हे ना..."

सुधीर छताकडे बघत होता. म्हणजे त्याला माहीत होतं.

घडी काढली. टेबलावरचा हार उचलला, परत मशीनला घातला. फोन वाजत होता, सायखेड्याचाच. सुधीर माझ्याकडे बघत राहिला. मी काही उचलला नाही.