डोकं पाठवलं आहे, पाय राहिलेत

धाकटे,

थोरल्या जावेचा आशीर्वाद घे. तुझे गुडघे, तुझे डोळे आणि तुझी सून, तिन्ही ठीक असतील असं धरून चालते. हे पत्र मी स्वतः लिहिते आहे. माझ्या सुनेला सांगितलं असतं, पण ती माझ्या वाक्यांचे दात काढून लिहिते. माझी शाळा तिसरीत सुटली, तेव्हा काना-मात्रा चुकला असेल तर तिथल्या तिथे टाका घालून वाच.

तुझ्या लेकाचा निरोप आला की आईला इथे करमत नाही, तिची शिलाई मशीन गुरुवारच्या टेम्पोने पाठवा, म्हणजे ती रमेल. तुला करमत नाही हे मला तुझ्या लेकाकडून कळावं! लेकाकडे राहायला गेल्यापासून आठ महिने फोनवर तू "मजेत आहे" म्हणते आहेस. असो. माझा मुलगा म्हणाला, मशीन मी उचलतो. (ज्याचा मणका पाण्याची बादली उचलताना सरकला, तो हा.) म्हणून बुधवारी घरातली माणसं कामावर गेल्यावर मीच पदर खोचला. डावा हात खांद्याच्या वर जात नाही हे खरं, पण मशीन काही माळ्यावर ठेवायची नव्हती.

सगळं रीतीनं केलं. सुई काढली, चाकावरचा चामडी पट्टा उतरवला, खण उघडू नये म्हणून नाडीनं बांधला. मशीनचं डोकं मागे कलंडवलं आणि मागचे दोन स्क्रू सैल केले. भरल्या घागरीएवढं वजन ते, उचलण्यात शहाणपण नव्हतं. स्टुलावर रजई घातली, डोकं तिच्यावर सरकवलं, स्टुलावरून खाली रजईसकट टबात उतरवलं आणि टब ओढत खोलीबाहेर, घराच्या दारापाशी नेला. (चाकाला धरून उचललं नाही. तू विचारणारच, म्हणून आधीच सांगते.)

राहिले लोखंडी पाय. फरशीवर ओरखडे नकोत म्हणून चारही पायांना मुलाचे लोकरीचे मोजे घातले. मग सवयीनं माझी बाजू उचलली, "हं, चल" म्हटलं आणि थांबले. दर रंगकामाला आपण दोघी अशाच उचलत आलो ना! पलीकडे कुणी नाही हे माझ्या डोक्याला माहीत होतं, हातांना कुणी कळवलंच नव्हतं. पायाचा अंगठा चेचून घेतला. मग एक बाजू वीतभर सरकवायची, लंगडत वळसा घालून पलीकडे जायचं, तुझी बाजू वीतभर सरकवायची, पुन्हा वळसा. खोली दहा पावलांची, मी कोसभर चालले असेन.

शेवटी खाली बसले, भिंतीला पाय लावले आणि पाठीनं मशीनला ढकललं. एवढी सरसर निघाली की थेट दाराच्या चौकटीत जाऊन आडवी रुतली. मशीन दारात आणि मी आत! चहा बाहेर, गोळ्या बाहेर, फोन बाहेर. खालून रांगत जावं तर गुडघा वाकत नाही, वरून जावं तर या वयात शोभत नाही.

सून यायला पाच तास होते. काय करणार? तुझ्या खणाची नाडी सोडून बसले. त्यात माझी छोटी कात्री निघाली. अकरा वर्षांपूर्वी मुलांची शपथ घेऊन "मी पाहिलीसुद्धा नाही" म्हणाली होतीस. ती कात्री मी पाठवत नाही. मग माझ्या मशीनवर बसले आणि उशीचा अभ्रा शिवला. अडतीस वर्षं समोर तुझी मशीन खडखडत होती, तेव्हा माझी एवढी कुरकुरते हे कधी कळलंच नव्हतं. तेल घालून झालं, फरक नाही. आठवण बिठवण येते असं मात्र समजू नकोस. मला तेवढा वेळ नसतो.

संध्याकाळी सून आली. "आई, हे काय?"

मी म्हटलं, "दिसत नाही? अडकले आहे."

तिनं आधी पोटभर हसून घेतलं, मग मला खालून ओढून काढलं. साडी ग्रीसनं भरली. लोखंडी पाय काही निघाले नाहीत. म्हणून टेम्पोवाल्याबरोबर नुसतं डोकं पाठवलं आहे. रजई तुझीच आहे, ठेवून घे. लेक मोटर बसवून देतो म्हणाला तर नको म्हण. मोटर लावलेल्या मशीनवर बाई नुसती बसून राहते.

तुझी,
थोरली

ता. क. टेम्पोवाला धट्टाकट्टा होता. "आजी, सगळंच नेऊ की" म्हणाला आणि पाय तिरपे करून एका दमात दारातून बाहेर काढले. मी त्याला ते परत आत ठेवायला लावले. खिडकीजवळ, तुझ्या जागी. चामडी पट्टा आणि ते दोन स्क्रूही माझ्याकडेच आहेत. टपालानं येणार नाहीत.

ता. क. दुसरा. तुझ्या लेकाला सांग, आईला करमत नसेल तर मशीन पाठवत नसतात, आईला पाठवतात.

ता. क. तिसरा. तू रविवारी येते आहेस असं मी घरात सगळ्यांना सांगून बसले आहे. सुनेनं तुझ्या खाटेवर धुतलेली चादरसुद्धा घातली. आता या वयात मला खोटं पाडू नकोस.