मोठा श्वास

डॉक्टरसाहेब,

हे पत्र तुम्हाला देणार नाही, उगाच ओशाळाल.

काल तुम्ही माझ्या पाठीला नळी लावलीत, "आजी, मोठा श्वास घ्या" म्हणालात आणि पाठीवर डोकं टेकून चक्क झोपलात. एवढ्या गावाला तुम्ही एकटेच. मी हलले नाही. नर्सबाईंनी डोकावून पाहिलं, बाहेरच्यांना ओठांवर बोट ठेवून खुणावलं आणि अलगद दार लोटलं.

बाहेर आमची दमेकरी म्हातारी मंडळी, सकाळपासून ताटकळलेली, एरवी नंबरावरून भांडणारी. पण अशी शांतता मी जन्मात ऐकली नव्हती.

दचकून उठलात आणि "छाती साफ आहे" म्हणालात. मी मान डोलावली. दार उघडलं, तर सगळे तोंडावर रुमाल दाबून लालबुंद झालेले. तुम्ही दिसलात आणि मगच सगळे एकदम खोकले.

तुम्हाला वाटलं, साथ आली.

तुमची,
साफ छातीची आजी